अक्काची गाठ घेऊन धुळ्याला

आमच्या शेजारच्या लीलाताई रामेश्वरला जाऊन आल्या आणि त्यांनी वर्षभर साऱ्या गल्लीला समुद्र पाजला. मी गेले ती धुळ्यापर्यंत. यावलकडून धुळे म्हणजे एसटीची अर्ध्या दिवसाची वाट, त्यात सांगण्यासारखं काय, असं कुणीही म्हणेल. पण मला ते लिहावंसं वाटतं. मी चौथी शिकलेली. चारचौघांत मला बोलता येत नाही. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत दुसरं कुणीतरी सुरू होतं. कागद मध्ये बोलत नाही. अक्का आत झोपली आहे तोवर लिहून घेते.

अक्का म्हणजे माझ्या मालकांची पहिली बायको. बरीच वर्षं मूल झालं नाही तेव्हा तिनेच गावोगाव फिरून माझा शोध लावला. मुक्ताईनगराकडे आमच्या गावी मला पाहायला आली, तेव्हा तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. माझे हात पालथे-उताणे करून पाहिले आणि "चालेल" म्हणाली. पुढे मला प्रमोद झाला. बाळंतपणानंतर मी तापाने अंथरुणाला खिळले, म्हणून बाळ तिच्या मांडीवर गेलं. मी उठून बसले तेव्हा ते तिथेच झोपायला शिकलं होतं. तो तिला माय म्हणतो. अक्का मला 'बाई' म्हणायची. ते ऐकून तोही बाई म्हणू लागला आणि कुणी दुरुस्त केलं नाही. मीही नाही.

प्रमोद एम. एस्सी. झाला, काही वर्षं पुण्याला प्रयोगशाळेत होता, आता धुळ्याच्या कॉलेजात शिकवतो. अक्काच्या छातीतली गाठ मागे जळगावला काढली होती. मग इंजेक्शनं झाली, केस गेले, केस आले, आणि आम्ही सगळे विसरायला लागलो. या चैत्रात तिच्या काखेत दुसरी गाठ लागली. प्रमोदने गावातल्या एसटीडीवर निरोप दिला, "मायला घेऊन या. ओळखीचे डॉक्टर आहेत. इंजेक्शनं द्यायची ठरली तर उन्हाळाभर माय माझ्याकडेच राहील."

मी त्याच्या खोलीवर कधी एक दिवसही राहिले नव्हते. दर वेळी घरी कुणीतरी लागतंच, आणि ते कुणीतरी म्हणजे मी. अक्का बरी व्हावी असं मला वाटत होतं. पण तिने प्रमोदच्या खोलीत राहून बरं होऊ नये, असंही वाटत होतं. हे वाक्य मी खोडलं आणि पुन्हा लिहिलं.

तापीपासून पुढे

मालक, ज्यांना सारं गाव आबा म्हणतं, ते आले नाहीत. "बागेला पाणी भरायची लाइट रात्रीची आहे, मी कुठे हलू? तुम्ही दोघी जा. पारोळा वाटेतच आहे, आखाजी करून पुढे निघा," म्हणाले. पारोळा अक्काचं माहेर. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या खानदेशात लेकी माहेरी जातात. दिवाळी चुकली तर चालते, आखाजी चुकत नाही. माझे आईवडील गेले, भाऊ सुरतेला आहे, माझी चुकते.

तापी ओलांडेपर्यंत दोन्ही बाजूंना केळी. बांधावर शेवरीचं दाट कुंपण, म्हणजे गरम वारा आत शिरून पानं फाडत नाही. जळगाव मागे पडलं की ते हिरवं संपतं. पुढे नांगरून टाकलेली काळी रानं आणि मधे एखादं निंबाचं झाड. आमच्याकडे ऊन पानाआडून लागतं, इकडे ते सरळ अंगावर येतं.

एरंडोलच्या अलीकडे गाडी पंक्चर झाली. सगळे उतरून निंबाखाली उभे राहिले. सावली थोडी, माणसं फार. पण अक्काला कुठेही गेलं तरी जागा मिळते. तिने नुसतं कपाळाला हात लावला तर एका म्हाताऱ्याने आपलं गाठोडं टेकायला दिलं, दुसऱ्याने कनवटीचा कांदा काढून "हुंगा, ऊन लागत नाही" म्हणून हातात ठेवला. मी पिशव्या घेऊन उन्हात.

एका बाईने विचारलं, "दोघी बहिणी का?"

"नाही," अक्का म्हणाली, "सवती."

बाईचं तोंड उघडंच राहिलं. "मंग सोबत कशा?"

"वा! भांडायला सोबतच लागतं ना. ही घरी राहिली तर मी भांडू कुणाशी, कंडक्टरशी?"

सगळं झाड हसलं. कंडक्टरही हसला. मीही हसले, कारण हसले नसते तर ते दिसलं असतं. असं बोलणं मला सुचतं, पण दोन दिवसांनी.

पारोळा

पारोळा जवळ आलं तशी अक्काची भाषा बदलली, ती अहिराणीवर आली. आमच्या घरी इतकी वर्षं ती 'मले-तुले' करत आमच्यासारखं बोलते. किल्ल्याचा तट दिसला आणि ती शेजारच्या बाईला म्हणाली, "हाई मन्हं गाव शे." जणू तोंडातून एक खडा काढून ठेवला.

तिचे भाऊ, नाना, फाट्यावर उभेच होते. "ये वं ताई. इतला उशीर काबरं? बठ्ठा वाट देखी ऱ्हायनात." मलाही त्यांनी तसंच "या ताई" म्हटलं. सवत आली की पहिलीच्या माहेराने तिलाही लेक मानायची रीत आहे. चोळीचा खण मलाही मिळाला. फक्त तिचा पेटीतून निघाला आणि माझा दुकानच्या कागदातून.

तिथल्या मांड्यांबद्दल सांगितलं पाहिजे. आमच्याकडे पुरणपोळी तव्यावर होते. पारोळ्याला नानांची बायको, वहिनी, ओला मांडा दोन्ही मनगटांवर फिरवत फिरवत एवढा मोठा करते की तो कोपरापर्यंत येतो, आणि मग उलट्या खापरावर अलगद टाकते. आमरसाच्या वाटीत तो रुमालासारखा घडी करून बुडवायचा. अक्काने अर्धाच खाल्ला. तिचा उरलेला अर्धा वहिनीने झाकून ठेवला, "संध्याकाळी खाशी" म्हणून. मी तीन खाल्ले. ते कुणी पाहिलं नाही.

आखाजीला पितरांच्या नावाने नव्या मातीच्या घागरी पाण्याने भरून मांडतात, वर खरबूज ठेवतात. ज्या घरी जेवढे गेलेले, तेवढ्या घागरी. सकाळी अक्का आंघोळ करून ओसरीत आली आणि थांबली. एक बापाची, एक आईची, एक थोरल्या भावाची. पुढे आणखी एक होती. तिच्यावरही खरबूज.

"वहिनी," अक्का म्हणाली, "हाई चौथी कोनी शे?"

वहिनीच्या हातातलं हळदकुंकू तसंच राहिलं. नाना बाहेरून आत येत होते ते उंबऱ्यातच उभे. झालं होतं असं की नवी घागर पिण्याच्या पाण्यासाठी भरलेली, सावलीला जागा नाही म्हणून रांगेत ठेवलेली. नव्या सुनेने पाहिलं, एकीवर खरबूज राहिलं, म्हणून बिचारीने आणून ठेवलं.

"अव्वो ताई, हाई ते पेवानी शे!" वहिनी रडायलाच लागली. "मन्ही आन!"

अक्काने खरबूज उचललं, सुनेच्या ओटीत टाकलं, कोनाड्यातला पेला घेतला, त्या घागरीत बुडवला आणि उभ्या उभ्या घटाघटा प्याली. पदराने तोंड पुसून म्हणाली, "थंडं शे. मरेल लोकेस्नी मजा शे, वहिनी."

नाना हसता हसता भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मग सगळेच त्या घागरीतलं पाणी प्याले, मीही. पाणी चांगलंच गार होतं. पीत असताना माझ्या मनात काय आलं ते लिहिते: माझ्यासाठी कुणी चुकूनसुद्धा घागर भरली नसती.

धुळे

धुळ्याच्या गल्ल्यांना नावं नाहीत, नंबर आहेत. गल्ल्या सरळ, पट्टीने आखल्यासारख्या, एका टोकाला उभं राहिलं की दुसरं टोक दिसतं. आमच्या गावात माणूस गल्लीत वळला की गेला. पांझरेचा पूल ओलांडला की देवपूर, तिथे प्रमोदची खोली. नदीत पाणी नव्हतं.

स्टँडवर तो घ्यायला आला होता. आधी अक्काच्या पाया पडला, मग माझ्या. वडीलकीची रीतच तशी आहे. पिशव्या त्याने दोघींच्या घेतल्या. हात तिचा घेतला.

खोलीत एक खाट, एक स्टोव्ह, एक टेबल आणि भिंतीला लागून पुस्तकं. मी जेवण करायला उठले तर म्हणाला, "बाई, तू बस, दमली असशील. मायला तिखट चालत नाही आता, मी मुगाची खिचडी करतो." त्याने खिचडी केली, मऊ, वरून तूप. त्याला स्वयंपाक येतो हे मला ठाऊक नव्हतं. अक्काला होतं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो. डॉक्टर भले होते, अक्काशी सरळ बोलले. "पहिली औषधं आता लागू पडणार नाहीत. दुसरी आहेत, ती जरा कडक. गाठ थोडे दिवस मागे हटेल कदाचित. खात्री मी देत नाही. विचार करून सांगा."

खोलीवर आल्यावर अक्का खाटेवर बसली आणि म्हणाली, "प्रमोद, मला सांग. औषध तेच, अंग तेच. पहिल्यांदा लागू पडलं, आता का नाही? सोपं करून सांगू नको. नीट सांग."

तो तिच्यासमोर खाली बसला. पुण्याला तो नेमकं हेच पाहत होता, हे मला त्या दिवशी कळलं. इतकी वर्षं मी विचारणाऱ्यांना "पुण्याला रिसर्च करतो" एवढंच सांगत आले.

"माय, आपलं अंग बारीक बारीक पेशींचं आहे," तो म्हणाला. "प्रत्येक पेशीच्या आत एक हुकूम लिहिलेला असतो. बिघडलीस, म्हातारी झालीस, तर आपण होऊन संपून जा. पेशी तो ऐकते. गुपचूप स्वतःला मोडते, शेजारच्या पेशी तिचा कचरा उचलतात. पोटात असताना आपली बोटं चिकटलेली असतात. मधल्या पेशी अशा मरतात म्हणून बोटं सुटी होतात."

"मरतात म्हणून हात होतो," अक्का म्हणाली.

"हो. कॅन्सरच्या पेशीतही तो हुकूम असतो. औषध तिला इतकं मोडतं की हुकूम सुटावा. पण पेशीजवळ राखणदार असतात. प्रथिनंच ती, पण वेगळी. ऊन, ताप, विष, काहीही सोसावं लागलं की पेशी ती भराभर तयार करते. उन्हात कुणी कोसळायला लागलं की दोघं जण दंडाला धरतात ना, तसं आतलं मोडायला आलेलं ती धरून ठेवतात. आम्ही प्रयोगशाळेत पेशींना आधी थोडी उष्णता द्यायचो, बेचाळीसच्या आसपास. मग थोडा आराम. मग जास्त उष्णता द्यायची. पहिल्यांदाच जास्त दिली असती तर त्या मेल्या असत्या. आधी थोडी सोसलेल्या मरायच्या नाहीत."

"बेचाळीस?" अक्का म्हणाली. "ते तर आपलं चैत्रातलं ऊन रे! म्हणजे माझी गाठ खानदेशची, म्हणून दांडगी. पुण्याच्या बाईची असती तर गेली असती."

तो हसला. "बाहेरच्या उन्हाने नाही होत माय, अंग आतून तेवढंच राहतं. पण कॅन्सरच्या पेशी हे राखणदार ऊन नसतानाही भरपूर बाळगून असतात. आणि ते नुसतं सावरत नाहीत. हुकूम एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला असा पोचवायचा असतो. हे मधे उभे राहून हात धरतात. हुकूम शेवटपर्यंत जातच नाही. तुझ्या गाठीतल्या बहुतेक पेशी पहिल्या औषधाने मेल्या. ज्यांचे राखणदार चांगले, त्या थोड्या उरल्या. त्यांचीच ही दुसरी गाठ झाली असणार."

मी दाराजवळ बसले होते. मला ते समजत होतं, आणि समजतंय हे त्याला कळावं असं फार वाटलं. मी म्हणाले, "केळीसारखं. घड उतरला की खोडाने जायचं, तरच पिलाला वाव मिळतो. खोडच जायला तयार नाही."

प्रमोदने वळून माझ्याकडे पाहिलं. पुरं पाहिलं. "तसं म्हणता येईल बाई," म्हणाला. "पण खोड आपण कापतो. पेशी स्वतःचं स्वतः उरकते." आणि परत अक्काकडे वळला. न कापलं तरी ते खोड जातंच, एवढंच मला पुढे म्हणायचं होतं. तोवर अक्का विचारत होती, "मग दुसरं औषध त्या राखणदारांना हटवेल का?"

"नाही माय," तो म्हणाला. "त्यांना हटवणारं औषध अजून हातात नाही. शोधतायत सगळे. मीही... " तिच्या गुडघ्यावर कपाळ टेकून तो रडला, लहानपणी रडायचा तसा, खांदे हलवून. ती त्याच्या केसांतून हात फिरवत राहिली.

मागे एकदा मला पुन्हा ताप येऊन भ्रम झाला होता, त्या वर्षी तो दहावीला होता. तेव्हा तो माझ्या उशाशी बसून अभ्यास करायचा. रडला नव्हता. मी त्या खोलीत बसून एका गाठीचा हेवा केला.

तो तोंड धुवायला गेला तेव्हा अक्का माझ्याकडे न पाहता म्हणाली, "तू घरात आलीस ना, त्या दिवशी मला वाटलं होतं की आता मी मरते. मीच आणलेली, मीच ओवाळलेली. तुम्हा दोघांच्या खोलीचं दार लागलं आणि मी चुलीसमोर बसून वाट पाहिली, की आता प्राण जाईल. नाही गेला. त्यानंतर मला कशाने काही झालं नाही."

मी उठून त्याच्यासाठी पंचा काढून ठेवला.

तो आल्यावर ती म्हणाली, "मी इंजेक्शनं घेते. लागू पडोत न पडोत. उन्हाळाभर तुझ्याकडे राहते."

परतीची गाडी

ठरल्याप्रमाणे मी एकटी निघाले. घरी बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, घालायच्या होत्या, ज्वारीचं पीठ भिजत पडलं होतं, गुरं होती, आबा होते. अक्का दारातून म्हणाली, "बिबड्या एकटीने घालू नको, शेजारणींना बोलाव. आणि त्यांना सांग, काळजी करू नका."

प्रमोदने मला स्टँडवर आणलं, उसाचा रस पाजला, खिडकीची जागा पाहून बसवलं. मग घड्याळाकडे पाहिलं. "बाई, मायच्या गोळीची वेळ झाली. निघू का?"

"नीघ," मी म्हणाले.

तो गेला. गाडी सुटेपर्यंत थांबला नाही. गर्दीतून त्याची पाठ दिसत होती, भराभर चालणारी. समोरच्या बाकावरच्या म्हातारीला तिचा मुलगा खिडकीतून केळी देत होता. केळी आमच्याच भागातली असणार. गाडी हलली, स्टँडबाहेर पडली, मोठ्या रस्त्याला लागली, आणि मला एकदम दिसलं: आता ती खाटेवर बसेल, तो गोळी देईल, मग दोघं बोलतील. उन्हाळाभर बोलतील. आणि मी आबांना भाकरी वाढीन.

मी उभी राहिले. "मास्तर, उतरायचंय."

"आत्ता तर बसल्या बाई! तिकीट जळगावचं फाडलंय तुमचं."

"असू द्या."

"काही राहिलं का?"

"हो," मी म्हणाले. जन्मात पहिल्यांदा मी चालती गाडी थांबवली. सगळी गाडी माझ्याकडे बघत होती आणि माझे कान तापले होते, तरी उतरले.

कुणाला वाटेल, मला अक्काची दया आली. तसं नाही. मी हेव्यानेच उतरले. ऊन डोक्यावर होतं. नंबरांच्या गल्ल्या सगळ्या सारख्याच, दोनदा चुकले. एरवी मी रस्ता विचारण्यापेक्षा हरवणं पत्करते. पण एका बांगडीवाल्याला विचारलं, "देवपूरचा पूल कुठे?" त्याने सांगितलं. इतकं सोपं असतं ते.

खोलीचं दार उघडं होतं. प्रमोद दूध आणायला गेलेला. अक्का केस विंचरत बसली होती. "काय विसरलीस?"

"काही नाही. मीपण राहते."

"आणि आबांची भाकरी?"

"हात आहेत त्यांना."

तिने फणी खाली ठेवली. तिला आनंद झाला नाही. ते तिच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं. "मला हा एक उन्हाळा एकटीला पाहिजे होता, बाई," ती म्हणाली.

"मलाही," मी म्हणाले.

तिने खाटेवर सरकून जागा केली, पण फार नाही.

प्रमोद दूध घेऊन आला. "बाई! गाडी चुकली?"

"नाही. उतरले. राहायला आलेय."

"अगं पण... किती दिवस?"

माझ्या तोंडून निघालं, "ही आहे तोवर."

बोलल्यावर कळलं काय बोलले. प्रमोद दुधाचं भांडं धरून तसाच उभा. अक्काने आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि एरंडोलच्या निंबाखाली हसली होती तशी मोठ्याने हसली. "मग नीट बिऱ्हाड मांड बाई. मी काही लवकर जात नाही."

मी पिठाचा डबा शोधू लागले. मनात म्हटलं, जाऊ नकोच. आहेस तोवर निदान वाटणी आहे. तू गेलीस की तो सगळाच्या सगळा तुझा होईल.